आभा कार्ड आणि प्लास्टिकची थैली

आमच्या अमरावती-अकोल्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज फिरतो. 'आभा कार्ड काढू नका, सरकार तुमचे आजार विकणार!!' लगेच पुण्या-बंगलोरचे आयटीवाले धावून येतात. अर्धे प्रायव्हसीच्या नावाने ओरडतात, अर्धे डिजिटल इंडियाची आरती ओवाळतात. आणि त्याच ग्रुपवर संध्याकाळी कुणीतरी काकांचा एमआरआय रिपोर्ट टाकतो, नाव-वय-नंबरासकट. "चांगला न्यूरो सांगा ना भाऊ." घ्या! झाली प्रायव्हसी.

भीती खोटी नाही हो. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट, एचआयव्हीचे धरून, इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने ठप्प झाले. पण २०१६ साली आभा नव्हतंच! आभा म्हणजे फक्त १४ आकडी नंबर, आणि तोही ऐच्छिक. रेकॉर्ड राहतं दवाखान्यात किंवा लॅबमध्येच. तुम्ही संमती दिली की ते दुसरीकडे जातं. म्हणजे कुलूप तपासायचं ते तिथलं. त्याबद्दल ग्रुपवर कोणी चकार शब्द काढत नाही.

दुसरीकडे अकोल्याहून नागपूरला रेफर झालेली बाई अडीचशे किलोमीटर जाते ती मांडीवर प्लास्टिकची थैली धरून. त्यातला एक कागद हरवला की रक्त पुन्हा काढा, सोनोग्राफी पुन्हा, पैसे पुन्हा. तिच्यासाठी 'रेकॉर्ड डिजिटल असावं का' हा वाद म्हणजे निव्वळ चैन आहे. तिला स्वतःचं रेकॉर्ड हातात पाहिजे, बस्स.

आणि तो हक्क आजचा नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरने तीन वर्षं जपायचं, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं. केंद्राच्या २०१६ च्या ईएचआर मानकांत तर स्पष्ट आहे: माहितीचा मालक पेशंट, दवाखाना फक्त विश्वस्त. किती जणांनी कधी मागितलं?

मला राग येतो तो आपल्याच जमातीचा. ही सॉफ्टवेअरं आपणच लिहितो. बिलाची प्रिंट एका क्लिकवर निघते. 'संपूर्ण रेकॉर्ड पेशंटला द्या' हे बटण मात्र कुणाच्या रिक्वायरमेंटमध्येच नसतं. काऊन?

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला की भांडू नका. ७२ तासांचा नियम फॉरवर्ड करा. आणि काकांचा एमआरआय तेवढा ग्रुपवरून काढा.