गाळ काढावा, पण कुठला?

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात गाळ म्हटलं की आधी तलाव आठवतो, धरण नंतर. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. उन्हाळ्यात त्यांचा गाळ बंड्यांतून धानाच्या बांध्यांत जाई. 1951 च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या वापराचे, हक्क कागदावर राहिले आणि गाळ तळाशी.

म्हणून 2017 ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना इथे पटकन पटते. तलावात पाणी वाढतं, हलक्या जमिनीला चिकणमाती मिळते. 2023 पासून लहान शेतकऱ्याला गाळ नेण्यासाठी अनुदानही आहे. खोट आहे ती पोकलेनच्या कामात. यंत्र एकाच जागी खोल खड्डा करतं. काठचा उथळ भाग गेला की मासोळीची अंडी घालायची जागा गेली, देवधान-कमळही गेलं, आणि मासेमार ढिवरांची मिळकतही. तळाचा चिकण थर मुरमापर्यंत खरवडला तर पाणी झिरपून जातं ते वेगळंच. तलावाचा गाळ काढावाच. पण किती खोल आणि कुठे, हे ढिवरांच्या सोसायटीला विचारून ठरवावं.

गोसेखुर्दला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणात वैनगंगेची वाळू जलाशयाच्या वरच्या तोंडाशीच बसते. बारीक गाळ भिंतीपर्यंत येतो. त्यात नाग नदीने कन्हानमार्गे आणलेली नागपूरची घाणही असते. खाली सुटणारं पाणी वाळूविना सुटतं, आणि असं पाणी आपली वाटच खरवडत जातं. पात्र खोल होतं, काठ ढासळतात, पात्रातल्या डांगरवाड्यांची, म्हणजे टरबूज-डांगराच्या वाड्यांची, रेती कमी होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठातील संशोधकांचा 2023 चा अंदाज असा, की 2050 पर्यंत भारतातल्या मोठ्या धरणांची सुमारे 26 टक्के मूळ साठवणक्षमता गाळाने जाईल. या आकड्यात धरणाचं नुकसान दिसतं, खालच्या नदीचं दिसत नाही.

मग पावसाळ्याच्या सुरुवातीलाच दरवाजे उघडून गढूळ पूर खाली जाऊ द्यावा का? दरवाजे 33 आहेत, सोय आहे. पण नंतर पावसाने दगा दिला तर धानाचं पाणी कुठून आणायचं? ऑगस्ट 2020 चा पूर सोसलेल्या गावांना ‘दरवाजे उघडा’ हे शब्द ऐकायलाही नको वाटतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शिवाय नागपूरचा गाळ एकदम खाली सोडणं म्हणजे दुखणं लाखांदूर-गडचिरोलीकडे ढकलणं. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 दरम्यान पाडली, तेव्हा सुटलेल्या गाळाने मुखाशी नवा किनारा घडला. पण ती नदी बहुतांशी राष्ट्रीय उद्यानातून वाहणारी. तिचा दाखला वैनगंगेला जसाच्या तसा लावणं भाबडेपणाचं.

माझा कौल आधी मोजणीला आहे, पण मोजणीच्या नावाखाली वेळ काढण्याला नाही. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून जलाशयांचं गाळ सर्वेक्षण करते. त्यातून साठा किती घटला ते कळतं. गाळात काय आहे आणि खालचं पात्र किती खचलं, ते कळत नाही. त्यासाठी गाळाचे नमुने हवेत, आणि धरणाखालच्या पात्राचे ठरलेल्या जागचे छेद पावसाळ्याआधी व नंतर, दरवर्षी मोजायला हवेत.

इथेच साकोलीचा संबंध येतो. तालुक्यातून वाहणारी चुलबंद गोसेखुर्दच्या खाली वैनगंगेला मिळते. म्हणजे धरणाने अडवलेल्या वाळूची थोडीफार भरपाई तीच करते. त्याच चुलबंदचे रेतीघाट आपण लिलावात काढतो. महसूल खातं त्यातून उत्पन्न मोजतं, जलसंपदा खातं धरणातला साठा मोजतं, दोघांच्या फायली एका टेबलावर येत नाहीत. बांधकामाला रेती लागते, घाट सरसकट बंद करा म्हणणं सोपं आणि निरुपयोगी. पण दर पावसाळ्यात चुलबंद किती रेती आणते, हा आकडा पुढ्यात नसताना उपशाची मर्यादा ठरवणारा अधिकारी अंदाजाने सही करतो. पुढच्या लिलावाआधी तो आकडा जिल्हा प्रशासनाने मागवावा, आणि काठच्या ग्रामपंचायतींना दाखवावा.