बाकावरचा 'सहावा गडी' सामना कसा फिरवतो? समजून घ्या गणित

पाचोड (ता. पैठण) : कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघाला की बारा जणांची नावे यादीत असतात, मैदानात उतरतात पाचच. उरलेले सात जण पाण्याच्या बाटल्या आणि बॅगा सांभाळण्यासाठीच असतात, असा समज आहे. बास्केटबॉलचे नियम पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

200 मिनिटांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना 10 मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे 40 मिनिटांचा असतो. पाच खेळाडूंची मिळून 200 मिनिटे होतात. मुख्य पाच जण प्रत्येकी 32 मिनिटे खेळले, तरी 160 मिनिटेच भरतात. उरलेली 40 मिनिटे बाकावरच्यांनाच भरून काढावी लागतात.

कबड्डीत बदली खेळाडूंवर मर्यादा असते. बास्केटबॉलमध्ये खेळ थांबलेला असताना कितीही वेळा बदल करता येतो आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. पाच वैयक्तिक फाऊल झालेल्याला मात्र त्या सामन्यात परत खेळता येत नाही. मुख्य खेळाडूचे तीन-चार फाऊल लवकर झाले, की प्रशिक्षकाची नजर आपोआप बाकाकडे वळते.

फरक कशाने पडतो?

दुसऱ्या सत्रात मुख्य खेळाडूंचे पाय जड होऊ लागतात. बदली खेळाडू ताज्या दमाने येतो. शिवाय त्याने दहा मिनिटे बाहेर बसून सामना पाहिलेला असतो. समोरचा कोणत्या हाताने चेंडू खेळवतो, बचावात कुठे फट आहे, हे त्याला दिसलेले असते. एखादा हिसकावलेला चेंडू, एक रिबाऊंड, एवढ्यानेही संघात जान येते.

अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये अशा खेळाडूसाठी 1982-83 च्या हंगामापासून स्वतंत्र पुरस्कार आहे. हार्वर्डमधून शिकलेल्या जेरेमी लिनला दोन संघांनी सोडून दिले होते. न्यूयॉर्क निक्सकडून 4 फेब्रुवारी 2012 रोजी तो बाकावरून उठून आला आणि 25 गुण करून गेला. त्या सामन्यापासून निक्सने सलग सात सामने जिंकले.

नवी मुंबईचा धडा

क्रिकेटमधले उदाहरण तर घरचेच आहे. 2025 च्या महिला विश्वचषकात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध वगळले गेले. पुढच्याच सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद 76 धावा केल्या. 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद 127 धावा ठोकल्या. मूळ संघात नसलेली शफाली वर्मा जखमी प्रतिका रावलच्या जागी आली. अंतिम सामन्यात 87 धावा आणि दोन बळी घेत तीच सामन्याची मानकरी ठरली.

गावच्या कॉलेजला याचा उपयोग काय?

पाच विरुद्ध पाच असा सराव करायचा तर दहा जण लागतात. खेळायला मिळत नाही म्हणून बाकावरची मुले सरावाला येईनाशी झाली, की मुख्य पाच जणांचा सरावही कच्चा राहतो. त्यात शेवटची एसटी गाठायची असलेल्या मुलासाठी रोजचा सराव म्हणजे मोठी किंमत असते. त्या बदल्यात त्याला काही मिनिटे तरी मिळायला हवीत.

म्हणून काम आधीच ठरवून द्यावे. 'दुसऱ्या सत्रात चार मिनिटे तुझी, त्यांच्या मुख्य खेळाडूला चेंडू मिळू द्यायचा नाही,' एवढे स्पष्ट सांगितले तरी मुलगा तयारीत बसतो. संघ वीस गुणांनी हरत असताना शेवटच्या मिनिटाला आत पाठवणे, याला मात्र संधी म्हणत नाहीत.

उत्साहाने सगळे जमते असेही नाही. सराव नसलेला खेळाडू जोशात फाऊलच करून बसतो. लिन काय किंवा जेमिमा काय, नाव पुकारले गेले तेव्हा दोघांचीही तयारी झालेली होती.