कोलोनोस्कोपीनंतरचे दोन आठवडे

कोलोनोस्कोपीत नुसते आतडे पाहिले तर रक्तस्राव क्वचितच होतो; कोंब (पॉलिप) काढल्यावर धोका वाढतो. कोंब मोठा असेल किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर तो आणखी वाढतो. हा रक्तस्राव कधी कधी रुग्ण घरी गेल्यावर, अगदी दोन आठवड्यांपर्यंतही सुरू होतो. म्हणूनच घरी सोडताना हा धोका, कोणती औषधे कधी घ्यायची आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे मराठीत लिहून दिलेच पाहिजे. अशाने लोक घाबरून तपासणीच टाळतील, हा आक्षेप मला पटत नाही. कोंब वेळीच काढल्याने कर्करोग टळू शकतो, हेही त्याच कागदावर लिहिता येते. बहुतेक रक्तस्राव आपोआप थांबतो किंवा दुर्बिणीतून थांबवता येतो, पण त्यासाठी रुग्णाने वेळेत यायला हवे. शौचातून बरेच रक्त गेले, चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.