आजारी गाईचा हिशेब

फाशी रोगाने मरू घातलेल्या जनावराचे मांस खाऊन माणसे आजारी पडली, की खेडुतांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होण्याची रीतच पडून गेली आहे. बांगलादेशचा अनुभव मात्र निराळे काही सांगतो.

ऑगस्ट २००९ ते ऑक्टोबर २०१० या काळात तेथे झालेल्या १४ उद्रेकांची तपासणी झाली, तेव्हा १४० जनावरे व २७३ माणसे बाधित आढळली. माणसांना जडली होती ती त्वचेची काळपुळी. त्यांपैकी ९१ टक्के रुग्णांनी आजारी जनावर कापले होते, कच्चे मांस वा कातडे हाताळले होते, किंवा ते कापण्याच्या जागी हजर होते. मांसावाटे पोटात शिरणारा रोग त्या मानाने विरळा. पण तो अधिक प्राणघातक असतो, आणि नेहमीच्या शिजवण्याने या जंतूंचे चिवट बीजाणू नष्ट होतीलच अशी शाश्वती नसते.

मग लोक असे जनावर कापतात तरी का? अल्पभूधारकाची गाय म्हणजे त्याचे भांडवल. ती तापाने फणफणली, की तिला आपोआप मरू देणे म्हणजे सर्वस्व गमावणे. शिवाय मेलेल्या जनावराचे मांस तेथील मुसलमान समाजात निषिद्ध. तेव्हा प्राण जाण्यापूर्वीच सुरी फिरते, आणि एरवी मांस न परवडणारा शेजारी ते स्वस्तात घेतो. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी चोख आहे! त्याची खरी किंमत मात्र तिसऱ्यालाच मोजावी लागते. शव उघडले, की जंतूंना हवा मिळून त्यांचे बीजाणू बनतात आणि मातीत कित्येक दशके टिकतात. पुढे त्याच कुरणावर दुसऱ्याची गाय चरते.

दरवर्षी लस टोचणे हा मुख्य उपाय आहे. नुसत्या उपदेशाने भागणार नाही. शव न उघडता खोल पुरणाऱ्यास सरकारने भरपाई दिली पाहिजे. ती निरोगी गाईच्या किमतीइतकी ठेवली, तर लस टोचून घेण्याची निकड उरणार नाही. मांसाच्या विक्रीतून सुटणाऱ्या रकमेहून ती कमी असेल, तर कोणी फिरकणार नाही. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी तिचा दर बसवावा लागेल. आणि ती रक्कम गाय पुरली त्याच दिवशी हाती पडली पाहिजे. सहा महिन्यांनी मंजूर होणाऱ्या अर्जासाठी कोणी सुरी खाली ठेवणार नाही.