विजेच्या तारेचा विटाळ

आमच्या रायपुरातील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, करमणुकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या मुलाचे नाव सर्वांच्या शेवटी होते. नाट्यगीते झाली, नकला झाल्या, दोन एकांकिका झाल्या. महाप्रसादाची पाने मांडली जाऊ लागली, तेव्हा त्यास व्यासपीठावर बोलावण्यात आले. त्याच्या हाती विजेची गिटार होती. चार मिनिटांची रचना त्याने सहा महिने घोटली होती. दीड मिनिट झाले असेल-नसेल, तोच कोणीतरी ध्वनिवर्धकाची कळ दाबून आवाज बंद केला. एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, मुलाला जरा आवरा. हे संगीत आहे की पिठाची गिरणी?" सभागृह हसले. खरे सांगावयाचे तर मीही थोडा हसलो. हा लेख त्या हसण्याचे प्रायश्चित्त आहे.

या जातीच्या वादनावर आपल्या सुशिक्षित मराठी समाजाचे आक्षेप तीन. वाद्य परके आहे, आवाज विजेचा म्हणून खोटा आहे, आणि त्या द्रुतगतीत कसरतीवाचून दुसरे काही नाही. हे आक्षेप घेणारी माणसे अडाणी असती तर मी लेखणी उचलली नसती. ती आपल्यासारखीच बदलीच्या चाकरीत गावोगाव फिरलेली, कानांनी तयार, भीमसेनांच्या व कुमारांच्या मैफली ऐकलेली माणसे आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याची झडती घेणे प्राप्त आहे.

प्रथम परकेपणाची गोष्ट. ज्या पेटीवाचून त्या संध्याकाळी एकही नाट्यगीत उभे राहिले नसते, ती पेटी एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिला परकी व बेसूर ठरवून बंदी घातली आणि 1971 मध्ये ती बंदी सैल होईपर्यंत 31 वर्षे गेली. त्या काळात गोविंदराव टेंब्यांच्या पेटीचे नाव घेताच हात जोडणारा महाराष्ट्र आता गिटारीकडे मात्र पारपत्र मागतो! व्हायोलिनचीही हीच कथा. गजाननबुवा जोशी यांनी ते विलायती वाद्य ख्यालाच्या वळणावर आणले. विष्णु गोविंद जोगांनी मुंबईत जन्म घेऊन कलकत्त्यास आयुष्य काढले आणि त्याच वाद्यावर कीर्ती मिळविली. प्रांताबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला परके वाद्य आपलेसे करता येते, याचा याहून चांगला दाखला कोणता हवा? आणि ज्यांच्या कडकपणाच्या आख्यायिका आपण भक्तिभावाने सांगतो, त्या मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी स्वतः व्हायोलिन वाजविले, आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे 'नलतरंग' नावाचे वाद्य बनविले. तोफखान्यातून वाद्य काढणाऱ्या गुरूला विजेच्या तारेचा विटाळ झाला असता, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप विजेचा. गिटारीच्या पोटाशी लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, तो वाढवून ध्वनिक्षेपकाला दिला जातो. म्हणजे कंप तारेचाच, बोट माणसाचेच. वीज केवळ हमाल. उलट ज्या गायिकेच्या नाट्यगीताला त्या रात्री टाळ्या पडल्या, तिच्या मागे वाजणारा तंबोरा विजेच्या पेटीतला होता. त्यात तारही नव्हती आणि बोटही नव्हते. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. तेव्हा राग विजेवर नाही. तो वाजविणाऱ्याच्या वयावर, केसांवर आणि काळ्या सदऱ्यावर आहे. मग तसे स्पष्ट म्हणावे. संगीतशास्त्राला साक्षीला ओढू नये.

तिसरा आक्षेप गतीचा, आणि खरी लढाई येथेच आहे. सतारिया अखेरीस 'झाला' वाजवू लागला म्हणजे हीच मंडळी माना डोलवितात. बाजाच्या तारेवर एक 'दा' आणि चिकारीवर 'रा रा रा', असा तो पाऊस कोसळू लागला की श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. तेथे गती म्हणजे साधना आणि येथे गती म्हणजे गिरणी, हा न्याय कोणत्या स्मृतीतला? हिशेबच करावयाचा तर तीनतालाचे सोळा मात्रांचे आवर्तन चार सेकंदांत फिरत असेल आणि प्रत्येक मात्रेत दोन आघात असतील, तर सेकंदाला आठ आघात होतात. गिटारवाला पोर लयदर्शक मिनिटाला 120 वर ठेवून प्रत्येक ठोक्यात चार आघात करतो, तेव्हा तेही सेकंदाला आठच भरतात. आपण हिशेबखात्यातली माणसे. इतका ताळेबंद आपल्याला जुळविता यावा.

या द्रुत आघातांचे कूळही शोधून पाहावे. 1962 मध्ये डिक डेल या अमेरिकन वादकाने 'मिझरलू' ही पूर्व भूमध्य समुद्राकाठची जुनी धून विजेच्या गिटारीवर एकाच तारेवरच्या अखंड उलटसुलट आघातांनी वाजविली, आणि पुढच्या पिढ्यांना त्या आघातांचे वेड लावले. त्याचे वडील लेबनानी वंशाचे, चुलता ऊद वाजविणारा, आणि तो स्वतः लहानपणी तिकडचा चर्मताल शिकलेला. 1975 मध्ये जॉन मॅक्लॉग्लिन यांनी झाकीर हुसेन, एल. शंकर व विक्कू विनायकराम यांच्यासह 'शक्ती' उभी केली, तेव्हा आपल्या गिटारीचे दांडे पडद्यांच्या मधोमध खोलगट कोरून घेतले आणि तरफांच्या तारा जोडल्या. म्हणजे मींड घेण्यासाठी गिटारच सतारीच्या दिशेने चालत आली. याच 'शक्ती'ला 2024 मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आणि मराठी नावच हवे असेल, तर 1984 मध्ये मुंबईत निघालेल्या 'रॉक मशीन' या संचात महेश तिनईकरांची गिटार होती. पुढे तोच संच 'इंडस क्रीड' झाला. आपण ज्याला उपटसुंभ समजतो तो आपल्याच आळीतला आहे.

आता माझ्या अपराधाविषयी. तरुणपणी मी सात वर्षे सतार शिकलो. नोकरी लागली, बदल्या सुरू झाल्या, सतारीचा भोपळा एका बदलीत मालमोटारीत फुटला आणि ती विद्या तेथेच संपली. मुलाने गिटार घेतली तेव्हा मी म्हणालो, "मला यातले काही कळत नाही." हे असत्य होते. मला कळत होते, पण कळून घ्यावयाचे नव्हते. तो सरकारी बंगलीच्या मागच्या खोलीत पडद्यावरचे धडे पाहून एकटाच झटत राही. महिनाभरात अमुक वेग, अशी जाहिरात त्या धड्यांवर असे. पाचव्या महिन्यात त्याचे उजवे मनगट दुखू लागले. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. त्या रात्री मी प्रथमच त्याच्या खोलीत बसून त्याचा हात पाहिला.

जे पाहिले ते कोणत्याही सतारियाने एका दृष्टिक्षेपात ओळखले असते. नखी मुठीत आवळलेली, कोपरापासून हात ताठ, आणि प्रत्येक आघातानंतर नखी तारेपासून बोटभर दूर जात होती. जितके अंतर अधिक तितका परतीचा प्रवास लांब. मग वेग यावा कोठून? तार बदलताना तर त्याची पुरती तारांबळ उडे. एका तारेवर तीन स्वर वाजविले की नवी तार उलट्या आघाताने सुरू होते. चार वाजविले तर सुलट्याने. हा हिशेब त्यास कोणी सांगितलाच नव्हता. त्यातून ध्वनिवर्धकाचा खरखरीत आवाज पूर्ण चढविलेला. त्या खरखरीत दुबळा आणि सबळ आघात एकाच उंचीचे होतात आणि बिघडलेला स्वर झाकून जातो. मुलाला वाटे, आले. हाताला ठाऊक होते, आले नाही.

मी म्हणालो, "वीज काढ. नुसत्या तारेवर वाजव. आणि तोंडाने बोल म्हण."

"कुठले बोल, बाबा?"

"दा रा दा रा."

सतारीवर नखी आत येते तो 'दा' आणि बाहेर जाते तो 'रा'. सरोदावर खाली जाणारा 'दा' आणि वर येणारा 'रा'. गिटारीला सरोदाची दिशा लागू पडते. त्यापलीकडे आपल्या घराण्यांनी जे केले आहे ते या पोरांना पाश्चात्त्य पुस्तकांत निराळ्या नावांनी शिकावे लागते. मसीतखानी गतीचे बोल पाहा: दिर दा दिर दा रा, दा दा रा. येथे आघात यंत्रासारखे आळीपाळीने पडत नाहीत. 'दिर'मध्ये एका मात्रेत दोन येतात, शेवटी 'दा' लागोपाठ दोनदा येतो. कोठे दिशा बदलावयाची आणि कोठे तीच राखावयाची, हा विवेक म्हणजे द्रुत वादनाचा प्राण. गिटारवाले एका तारेवरून दुसरीवर जाताना त्याच दिशेचा आघात पुढे ओढून श्रम वाचवितात, तेव्हा तेही याच प्रश्नाचे उत्तर शोधीत असतात. बराबर, दुगुन, तिगुन, चौगुन ही शिडी आपल्या घरी पडून आहे, आणि आपली मुले परक्या अंगणात उड्या मारून पाय मोडून घेत आहेत.

येथे मुलांच्या बाजूनेही कानउघाडणी केली पाहिजे. महिनाभरात वेग विकणारा मनुष्य वेग विकत नाही, अधीरपणा विकतो. ज्या गतीला प्रत्येक स्वर स्वच्छ, सारख्या वजनाचा आणि ठोक्यावर पडतो, तीच तुमची गती; त्यापुढची गती ही उसनवारी आहे, आणि तिचे व्याज मनगट भरते. परंतु आम्हा वडीलधाऱ्यांचे 'सावकाश, सावकाश' हेही अर्धसत्यच होय. विलंबित चालीत हाताची जी हालचाल चालून जाते तीच द्रुतात टिकते असे नाही. मोठी हालचाल सावकाशीत खपते, वेगात खपत नाही. म्हणून अधूनमधून चारच स्वरांची छोटी तुकडी पूर्ण वेगाने वाजवून हात कसा वळतो ते पाहावे आणि मग तीच लहान हालचाल सावकाश घोटावी. दुखू लागताच थांबावे. एवढे सांगण्यास विलायतेस जावे लागत नाही. शेजारी बसावे लागते.

आणि नेमके हेच आपण करीत नाही. रायपुरात, भिलाईत, बिलासपुरात आपली मुले हिंदीत शिकतात, इंग्रजीत नोकऱ्या धरतात. दर चार वर्षांनी त्यांची शाळा बदलते, मित्र बदलतात. मराठी त्यांच्याजवळ उरते ती जेवणाच्या पानापुरती. मग गणेशोत्सवात आपण हळहळतो की, मुले मंडळात येत नाहीत. कशाला येतील? त्यांच्या हातातल्या एकमेव छंदाची कळ दाबण्यासाठी? माधवराव सप्र्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीत. त्यामुळे त्यांचे मराठीपण उणावले नाही, छत्तीसगड मात्र श्रीमंत झाला. राजनांदगावच्या पलीकडे खैरागडला राजवाड्यात 1956 पासून संगीताचे विद्यापीठ नांदते आहे. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर त्याचे कुलगुरू होते. ज्या मुलखात तंतुवाद्याची विद्या इतक्या जवळ आहे, आणि तीही मराठी हातांनी जोपासलेली, तेथे माझ्या मुलाने दा-रा हे दोन बोल मनगट दुखावल्यावर ऐकावेत, हा दोष मुलाचा नव्हे.

माझी मागणी मोठी नाही. मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ या मुलांना द्यावी, तीही पाने मांडली जाण्यापूर्वी. ज्यांना ताल धरता येतो त्यांनी समोर बसून टाळी-खाली दाखवावी. ज्यांनी कधी नखी धरली आहे त्यांनी मुलांचा हात पाहावा. वादन बेसूर वाटले तर बेसूर म्हणावे, लय सुटली तर सुटली म्हणावे. अशा टीकेने मूल मोडत नाही, उलट तिची वाटच पाहत असते. मात्र कळीला हात लावू नये.

मुलाचे मनगट आता बरे आहे. रोज रात्री जेवणानंतर मी मांडीवर तीनताल धरतो आणि तो विजेविना वाजवितो. परवा त्याने विचारले, "बाबा, तुमची सतार दुरुस्त होईल का हो?" भोपळा मिळतो का, याची चौकशी मी सुरू केली आहे. पुढल्या भाद्रपदात आम्ही दोघे मिळून नावे देणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेवर ती कोठे लिहावयाची, ते मंडळाने ठरवावे.