तिच्या मैत्रिणीचं नाव काय?

दहावीचा निकाल लागला, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशफेऱ्या सुरू आहेत आणि चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकताहेत. पासपोर्ट फोटो, खाली दशांशासकट टक्के. या फ्लेक्सवर दरवर्षी कुणी ना कुणी तोंडसुख घेतंच, त्यामुळे मी घेत नाही. मला लिहायचंय ते दुसऱ्या टोकाच्या पालकांबद्दल. तुलना करायची नाही, रागवायचं नाही असं ठरवलेले. मुलीला बासष्ट टक्के पडले तरी ‘आमच्यासाठी तूच बेस्ट’ म्हणत केक आणणारे. हेतू चांगलाच असतो. पण पंधरा वर्षांची मुलगी दूधखुळी नसते. आपल्याला काय येतं आणि काय नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. ती केक खाते आणि खोलीत जाऊन दार लावून घेते.

कौतुक करकरून आत्मसन्मान वाढवायचा घाट एका अख्ख्या राज्याने घालून पाहिलाय. कॅलिफोर्नियात जॉन व्हास्कॉन्सेलोस या आमदाराने हट्टाने पाठपुरावा केला आणि १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कार्यगट नेमला गेला. आत्मसन्मान वाढला की व्यसनं, गुन्हे, शाळेतलं अपयश सगळंच आटोक्यात येईल, अशी आशा होती. १९९० साली अहवाल आला, गाजला. पुढे २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून काढलं. आत्मसन्मान वाढवला म्हणून मार्क वाढतात, याला त्यांना धड पुरावा सापडला नाही. झालंच तर उलटं होतं: मार्क चांगले पडले की आत्मसन्मान थोडा वर सरकतो. (आपल्याकडच्या ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ शिबिरांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.)

मग आत्मसन्मान येतो कुठून? या प्रश्नावर मला सगळ्यात पटलेलं काम बरंच जुनं आहे. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या दहा सरकारी शाळांमधल्या पाच हजारांवर मुलामुलींना प्रश्नावल्या दिल्या. १९६५ साली त्यावरचं पुस्तक आलं. त्याची दहा विधानांची मोजपट्टी आजही जगभर वापरतात. आपण इतरांहून भारी आहोत, असं वाटणं त्याच्या लेखी आत्मसन्मान नव्हताच. आपण चारचौघांइतके बरे आहोत, एवढं मनाशी पक्कं असणं त्याला पुरेसं होतं. ‘बेस्ट’ची गरजच नाही.

पण त्याहून रोचक आहे ते त्याने पालकांबद्दल विचारलेलं. प्रश्न अगदी साधे. आईला तुझे मित्र माहीत होते का? प्रगतिपुस्तक घरी नेलं की काय व्हायचं? जेवताना तू बोलायचास तेव्हा घरातले ऐकायचे का? ज्यांच्या घरी या बाबतींत आस्था होती, त्या मुलांचा आत्मसन्मान जास्त आढळला. आणि सर्वांत खाली कोण होतं? प्रगतिपुस्तकावरून बोलणी खाणारी मुलं नव्हे. ज्यांच्या प्रगतिपुस्तकाकडे घरात कुणी फिरकून बघत नव्हतं, ती. यावरून कुणी पट्टी हातात घेऊ नये. अशा पाहणीतून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे ठामपणे सांगता येत नाही. तरी दिशा कळते. बेदखल राहणं पोराला सगळ्यात जास्त खातं.

आता आपली घरं बघा. मुलाचे टक्के दशांशापर्यंत पाठ असलेल्या बाबांना त्याच्या तीन मित्रांची नावं विचारा. दुसऱ्या नावाला अडखळतील. क्लासचा हजेरीचा मेसेज मिनिटात येतो, फोनवर पोरगी कुठल्या रस्त्यावर आहे ते दिसतं, आणि यालाच आपण लक्ष ठेवणं म्हणतो. ही पाळत झाली. पाळतीला मुलगी नेमकी कुठे आहे ते कळतं, पण ती गेले पंधरा दिवस जवळच्या मैत्रिणीशी का बोलत नाहीये ते कळत नाही. विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळेल, हे मान्य. या वयात ते मिळायचंच. म्हणून उलटतपासणी करू नये आणि विचारणं सोडूही नये. तिला आवडणारी कोरियन मालिका तिच्याकडूनच समजून घ्यावी. ती सांगते तेव्हा फोन उपडा ठेवावा.

हे सगळं आईबाप रात्री घरी असतात, असं धरून चाललंय. बीडमधली कित्येक जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. मागे राहिलेली मुलं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात असतात. तिथे ‘एकत्र जेवा’ हा सल्ला देणं म्हणजे चेष्टा. अशा मुलाची विचारपूस करू शकेल असं मोठं माणूस बहुधा एकच उरतं: वर्गशिक्षक. तो काही जादूगार नाही. पण ‘काल आला नाहीस, आजी बरी आहे ना?’ एवढं तो विचारू शकतो, आणि अनेक जण विचारतातही. फक्त त्याच्या वर्गात साठ मुलं असतात. त्यात मतदारयाद्यांचं काम, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती भरणं. शिक्षकांनी मुलांचं मन ओळखावं, असं भाषणांत सांगणाऱ्यांनी आधी त्याच्या हातातली मतदारयादी काढून घ्यावी.