हट्टी वस्तरा

शूर्पणखेचे नाक लक्ष्मणाने इथेच कापले म्हणून गावाला नाशिक हे नाव पडले, असे आम्ही नाशिककर पाहुण्यांना मोठ्या हौसेने सांगतो. अशा गावात राहणाऱ्याने निदान वस्तऱ्याच्या नादी लागू नये, हे आमच्या सौभाग्यवतींचे मत. तरी मी लागलो.

वस्तरा वडिलांचा. पात्यावर झोलिंगेनचे नाव कोरलेले. सुऱ्या-कात्र्यांसाठी शेकडो वर्षे नावाजलेले हे जर्मनीतले गाव. जिलेटने १९०४ साली बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळवले आणि हळूहळू सारे जग त्याच्यामागे गेले. वडील गेले नाहीत. सकाळी पट्ट्यावर त्यांच्या वस्तऱ्याचा सट्‌सट्‌ आवाज सुरू झाला की आम्ही मुले अंथरुणे सोडत असू. ते वारले तेव्हा रामकुंडावर मी डोके भादरून घेतले. वस्तरा मात्र कपाटात राहिला. गेल्या दसऱ्याला पूजेत मांडला आणि मनात आले, यंदा दिवाळीची दाढी याच वस्तऱ्याने!

स्वयंपाकघरातला रुंद दगड घेतला आणि आठ दिवस घासला. वस्तऱ्याची दोन्ही टोके कागद कापीत. मधला भाग गालावर आला की केस उपटी. मी अधिक जोर लावला. गाल सोलला, पट्ट्याला दोन काप गेले, पण वस्तरा काही ऐकेना.

शेवटी रामकुंडाजवळ बसणाऱ्या एका वृद्ध नाभिक कारागिरांकडे गेलो. वडिलांची त्यांची ओळख होती. वस्तरा उजेडात धरून ते म्हणाले, “भाऊ, दगडही घेऊन या. आणि मुलांचा शाईचा पेनही.”

त्यांनी धारेच्या कडेला शाई लावली आणि माझ्याच दगडावर वस्तरा दोनदा अलगद फिरवला. टोकांची शाई गेली होती, मधली तशीच!

“वस्तरा हट्टी नाही, दगड खोलगट आहे. विळ्या घासून मधे झिजलाय. असेच घासत राहिला असता तर टोके संपली असती.”

मला एकदम धस्स झाले. वडिलांची आठवण जपायला म्हणून बसलो होतो आणि तीच झिजवीत होतो!

मग त्यांनी दगडावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा मारायला लावल्या. शहाबादी फरशीवर बारीक वाळू व पाणी घालून दगड पालथा घासायचा. रेघा सगळीकडून पुसल्या म्हणजे दगड सपाट झाला. नंतर वाळूचा कणही राहू नये इतका धुवायचा. या कामी माझे दोन तास गेले.

“आता पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवा. पाठीची जाडी आहे ती त्यासाठीच. कोन तीच ठरवते, तुम्ही ठरवू नका. धार पुढे ठेवून ढकला, हाताचा भार नको. उलटवताना पाठीवर उलटवा, धारेवर नाही.”

या वेळी शाई सबंध धारेवरून गेली. तरी केस ओढतच होते. त्याचेही कारण निघाले. पट्ट्यावर मी दगडासारखीच धार पुढे करून फिरवीत होतो, तोही सैल धरून. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे हवी, आणि पट्टा ताणलेला. सैल पट्ट्यावर धार गोल होते. तसे केले तेव्हा मनगटावरचे केस नुसते लागताच उडाले.

“तुमच्या पेटीत असा वस्तरा नाही?” मी विचारले.

“आता गिऱ्हाइकागणिक नवे पाते. रोगराई पाहता तेच बरे. तुमचाही हा तुमच्याच गालापुरता ठेवा.” मग जरा थांबून म्हणाले, “पण धार लावायला कुणी आले, बरे वाटले. पोरांना हे दाखवायला कारणच उरले नव्हते.” त्यांचा नातू मघापासून मोबाइल बाजूला ठेवून बघत होता, हे मी तेव्हा पाहिले.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. सट्‌सट्‌ आवाज ऐकून आतल्या खोलीतून आई बाहेर आली, दाराशी क्षणभर उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली.

दाढी गुळगुळीत झाली. सौभाग्यवतींनी नीट निरखून पाहिले आणि विचारले, “नाक आहे ना जागेवर?”